स्टाउरहेड: इंग्लंडातला बांधीव तलाव आणि त्याभोवतीची बाग

लेकीकडे किंवा मुलाकडे लंडनला गेलेल्या आई-वडिलांचा जीव आठवडाभरात राजवाडे, संग्रहालयं आणि दुकानं पाहून दमतो. एक दिवस मोकळ्या रानात, पाण्याच्या काठाने फिरण्यात घालवायचा असेल तर विल्टशर परगण्यातलं स्टाउरहेड निवडा. जायकवाडी, मांजरा, विष्णुपुरी ही धरणं पाहत वाढलेल्या माणसाला तर ते जास्तच कळेल, कारण इथलं तळं निसर्गाने दिलेलं नाही. स्टाउर नदीच्या उगमाजवळ दरीच्या तोंडाशी भिंत घालून ते अडवलं आहे. लंडनच्या बँकर घराण्यातल्या हेन्री होअरने १७४० च्या दशकात बागेचं काम काढलं आणि पुढच्या दशकात तळं भरलं. विस्तार सुमारे २० एकर. काठाकाठाने त्याने देवळं, पूल आणि गुहा बांधल्या. घराण्याचा एकुलता वारस पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये कामी आला; १९४६ मध्ये होअरांचं इथलं घर आणि बाग, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली.

पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी आहे. बागेत उभं राहिलं की समोर भिंत येते, नाथसागर म्हणजे धरणाचा जलाशय पलीकडे राहतो. स्टाउरहेडची मांडणी नेमकी उलटी. बाग पाण्याच्या वरच्या अंगाला, आणि भिंत झाडीत अशी लपवलेली की तिच्यावरून चालत जाणाऱ्यालाही आपण धरणावर आहोत याचा पत्ता लागत नाही. सगळी करामत या लपवण्यात आहे. म्हणून नैर्ऋत्येच्या टोकाला पोचलात की जरा थांबा. एका बाजूला तुडुंब तळं आणि दुसऱ्या बाजूला खोल उतरलेली दरी दिसेल. जादा पाणी खडकांवरून कोसळून खालच्या लहान तळ्यात जातं, तोच इथला सांडवा. बहुतेक लोक धबधब्याचा फोटो काढून पुढे सरकतात आणि भिंत पाहायची राहून जाते.

पाण्याची पातळी इथे जवळपास हलत नाही, आणि सगळी रचना त्याच भरवशावर उभी आहे. टेकडीच्या पोटातले झरे चालू असतात, पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि सिंचनासाठी तळ्यातून उपसा होत नाही. आपल्याकडे चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायचं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात तलावाभोवती भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतोच. तसा पट्टा इथे उघडा पडला तर पुलाच्या कमानींचं प्रतिबिंब जाईल, गुहेच्या खिडकीतून पाण्याऐवजी चिखल दिसेल आणि शोभा संपेल.

तळ्याची फेरी साधारण दोन किलोमीटरची. नुसतं चालायचं तर पाऊण-एक तास, नीट पाहायचं तर अडीच तास धरा. दिशा महत्त्वाची आहे: पाणी कायम डाव्या हाताला ठेवा. घराच्या बाजूने उतार उतरलात की आधी फ्लोराचं देऊळ, मग तळ्याचं उत्तरेचं टोक, पलीकडे गुहा, पुढे पँथिऑन (रोमन धाटणीचं घुमटाचं देऊळ), मग भिंत, शेवटी अपोलोचं देऊळ आणि दगडी पूल. प्रत्येक इमारत आधी लांबून दिसते, मग झाडांआड जाते आणि अचानक समोर उभी राहते. उलट फिरलात तर हा क्रम मोडतो. गावाकडच्या फाटकातून शिरणाऱ्यांना पहिल्याच मिनिटाला पुलावरचा प्रसिद्ध देखावा दिसून जातो आणि पुढचं फिकं वाटतं. वाटेवरच्या पाट्या कमी आहेत, म्हणून तिकीटघरातून नकाशा घ्या.

गुहा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात निसरडी. आत दगडी शय्येवर निजलेली जलपरी आहे आणि तिच्या खालून झऱ्याचं पाणी वाहतं. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर मिनिटभर काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत एका जागी थांबा. मग खडकातल्या त्या खिडकीपाशी जा. ती इतकी खाली कोरली आहे की तळं नजरेच्या पातळीवर येतं आणि पलीकडचा काठ पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. पुढच्या दालनात नदीदेव बसला आहे, त्याचा हात पुढच्या वाटेकडे. बाहेर पडायला पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील किंवा बाबागाडी असेल तर गुहा टाळून जाणारी वाट धरा. अपोलोच्या देवळाचा चढही खडा आहे, पण तो चुकवू नका. सगळं तळं एका नजरेत फक्त तिथूनच मावतं. ज्यांना चढवत नाही त्यांनी खालच्या वाटेने पुलाकडे जावं.

फोटो पुलापाशी उभं राहून पँथिऑनचा काढायचा. पँथिऑन पश्चिम काठावर आहे, त्यामुळे सकाळचं ऊन त्याच्या खांबांवर पडतं. दुपारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो आणि इमारत काळवंडते. वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं, म्हणून बाग उघडताच पोचणं बरं. मे अखेर ते जून रोडोडेंड्रॉन फुलतं. ऑक्टोबरात पानं तांबडी-पिवळी होतात, तेव्हा शनिवार-रविवारी मुंगी शिरायला जागा नसते. मधला वार निवडा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो.

बूट पकडीचेच हवेत. ओल्या पानांवर चप्पल किंवा साध्या तळव्याचा बूट सरकतो, आणि पहिला घसरतो तो साडीचा काठ सावरत चालणारा माणूस. सलवार-कुर्ता सोयीचा. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट बरं, कारण पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो.

खाण्याची बाजू लंगडी. उपाहारगृहात सूप, भाजलेला बटाटा, सँडविच, स्कोन (पावासारखा छोटा केक) आणि चहा. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण तिखटाची आशा नको. हिरवळीवर बसून डबा खाता येतो, म्हणून लेकीच्या घरून निघतानाच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. भारतातून सामान नेताना मात्र तूप, खवा, पेढे पिशवीत टाकू नका. मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे आणू देत नाहीत.

तिकिटाचे दर ऋतूप्रमाणे बदलतात, ते ट्रस्टच्या साइटवर पाहून निघा. वाहनतळाचे पैसे वेगळे पडतात; ट्रस्टच्या सभासदांना प्रवेश आणि वाहनतळ दोन्ही मोफत. लेकरं तिथेच राहत असतील आणि वर्षात चार-पाच अशा जागा पाहणार असतील तर कुटुंबाचं सभासदत्व स्वस्त पडतं. वेळ कमी असेल तर घराचा आतला भाग सोडा. १९०२ च्या आगीनंतर मधला भाग नव्याने उभारलेला आहे आणि खरी किंमत बाहेरच्या बागेची आहे.

याच इस्टेटीतला किंग आल्फ्रेड मनोरा १७७२ चा, विटांचा, त्रिकोणी, ४९ मीटर उंच. पायऱ्या २०५, लिफ्ट नाही. १९४४ मध्ये त्याला विमान धडकलं होतं. मोडलेला माथा १९८६ मध्ये दुरुस्त झाला. तो बागेपासून काही किलोमीटर लांब आहे आणि ठरावीक दिवशीच उघडतो, म्हणून गाडी असेल आणि तारीख जुळत असेल तरच बेत करा.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून एक्सेटरकडे जाणारी गाडी पकडा आणि गिलिंगहॅमला उतरा. सुमारे दोन तास लागतात. तिकीट काढताना पुढे डॉर्सेट लिहिलं आहे ना ते पाहा, कारण केंट परगण्यातही गिलिंगहॅम आहे आणि ते पार दुसऱ्या दिशेला. स्थानकापासून बाग दहा-अकरा किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवून घ्या, कारण ऐन वेळी फाटकाबाहेर रिक्षासारखी उभी गाडी मिळणार नाही.