स्पिती, साच पास की शिंकू ला? कोकणातून एसयूव्ही नेणाऱ्यांसाठी

रत्नागिरीहून मनालीला जायलाच चार दिवस जातात, यायला चार वेगळे. एवढं इंधन जाळून वर पोचल्यावर वाट चुकीची निघाली, तर रजा आणि क्लच दोन्ही फुकट. हिमाचलात एसयूव्ही घेऊन जाणारे हल्ली तीन वाटांमध्ये घुटमळतात: किन्नौरमार्गे स्पितीचा फेरा, चंब्याहून पांगी खोऱ्यात उतरणारा साच पास आणि दारच्याहून लडाखमधल्या झंस्कारात नेणारा शिंकू ला (ला म्हणजे खिंड).

बहुतेक जण खिंडीची उंची बघून घाबरतात किंवा हुरळतात. शिंकू ला 5,091 मीटर, स्पितीच्या फेऱ्यातली कुंझुम ला 4,550 च्या आसपास, साच 4,420. गाडीला होणाऱ्या त्रासाचा क्रम लावला तर तो नेमका उलटा येतो. माणसाला मात्र उंचीचाच क्रम लागू.

साचपासून सुरुवात करू, कारण तिथे गाडी आणि ड्रायव्हर दोघांची परीक्षा आहे. चंब्याकडचं बैरागढ सोडल्यावर रस्ता कच्चा आणि एकेरी होतो. खिंडीपलीकडे पांगीतल्या किलाडकडची उतरण जास्त वाईट: सुटे दगड, रस्त्यावर कोसळणारं पाणी, समोरून गाडी आली तर रिव्हर्स घेण्यावाचून इलाज नाही, तोही दरीच्या बाजूने. ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पाय खाली जायला लागतो. पहिला गिअर, लो-रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) असेल तर फोर-एल, आणि ब्रेक फक्त टोचण्यापुरता. टू-व्हील ड्राइव्ह गाड्याही जातात, पण 200 मिमीपेक्षा कमी ग्राउंड क्लिअरन्स असेल तर तळाला मार बसणारच. जमेची बाजू ही की मुक्काम उंचावर पडत नाही; खिंड दिवसाउजेडी ओलांडून खाली उतरता येतं. किलाडहून पुढे किश्तवाडचा कड्यात कोरलेला रस्ता मोह घालतो. पहिल्या खेपेला तो सोडा, उदयपूरमार्गे मनाली-लेह रस्त्यावरची टांडी गाठा. चंब्यात टाकी फुल केली की टांडीपर्यंतच्या सुमारे 300 किलोमीटरची काळजी नाही.

स्पितीत अवघड पट्टा एकच, कुंझुम उतरल्यावर मनालीकडे जाताना लागणारा बातल ते ग्रांफू. अंतर 50 किलोमीटर, वेळ किमान चार तास. इथले नाले कोकणातल्या पऱ्याच्या उलट वागतात. आपला पऱ्या पावसाने फुगतो; हे नाले उन्हाने. दुपारी बर्फ वितळलं की सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्यावर येतं. म्हणून बातल सकाळी लवकर सोडायचं. शिवाय आपल्या साकवावरून नाहीतर कॉजवेवरून जायची सवय इथे कामाची नाही. तळाशी फरशी नसते, गोल गोटे असतात, आणि इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं (ऑइल संप) त्यांच्याच उंचीला येतं. आधी दुसरी गाडी कुठून गेली ते बघा, पहिल्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा, मध्ये क्लच दाबू नका. बाकी शिमला-काझा रस्ता नाकोजवळच्या मलिंग नाल्यासारख्या दरडीच्या जागा सोडल्या तर कुठलीही धड एसयूव्ही करते. काझ्यात पंप आहे.

शिंकू लाच्या वाटेवर सीमा सडक संघटनेचं डांबर पुढे पुढे सरकतं आहे. उरलेल्या कच्च्या भागात धूळ आणि खिंडीखालच्या बोगद्याच्या कामाचे ट्रक, एवढाच उपद्रव. त्रास हवेचा आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम 54 टक्के. जिम्नीसारख्या बिनटर्बो पेट्रोल गाडीची ताकद जवळपास निम्मी होते. चढावर दुसरा गिअरही जड जातो. टर्बो डिझेलला हे कमी जाणवतं, पण बीएस-6 डिझेलचं दुखणं वेगळं: तासन् तास कमी वेगाने गेल्यावर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरतो. मनालीआधीच्या हायवेवर अर्धा तास सलग पळवून तो साफ होऊ द्या. टांडी ते कारगिल सव्वाचारशे किलोमीटर धरा. मधल्या पंपावर विसंबायचं नसेल तर जिम्नीची 40 लिटरची टाकी तोकडी, कॅन लागणारच. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड हवं.

समुद्रसपाटीवरून जाणाऱ्यासाठी स्पितीची शिमल्याकडची बाजू सगळ्यात सोयीची, कारण ती हळूहळू चढते: सराहन, कल्पा, ताबो, मग काझा. तीन हजार मीटरनंतर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम इथे आपोआप पाळला जातो. मनालीहून उलटा फेरा केला तर पहिल्याच दिवशी कुंझुम, आणि डोकं धरून रात्र काढायची. झंस्कारला जाताना दारच्याअलीकडच्या जिस्पात दोन रात्री काढल्याशिवाय पुढे सरकू नका. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्या खेपेला स्पितीच.

आपलं कॅलेंडरही यात मध्ये येतं. मेच्या सुट्टीत साच बंद असतो, कुंझुमचाही भरवसा नाही. तेव्हा काझ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी. गणपती आटोपल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तिन्ही वाटांना बरा.

निघण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवाच. खाऱ्या वाऱ्याने चेसिस आतून पोखरलेली असते आणि वरून काळा रंग शाबूत दिसतो. ब्रेकचे पाइप गंजलेत का ते नजरेने तपासा; सायलेन्सरचे हँगर, शॉक अॅब्सॉर्बरचे बोल्ट हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला की बदला. चाकांचे नट एकदा स्वतःच्या पान्याने सोडवून बघा, गंजून बसले असतील तर ते घरीच कळलेलं बरं. हवा भरायचा छोटा कंप्रेसर घ्या: गोट्यांवर 25-26 पीएसआय, डांबर लागलं की परत 32. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटल्याने गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, चकू नका.

एवढं अंतर चालवायचं नसेल तर चंदीगडहून भाड्याची गाडी स्पिती आणि साचला चालते. झंस्कारला नको, बाहेरच्या सेल्फ-ड्राइव्ह गाड्यांना लडाखच्या टॅक्सीवाल्यांचा विरोध आहे आणि त्या वाटेत अडवल्या जातात.