नकाशातला पलंग मोजून बघा: इंदुरात घर बांधताना झालेली फसवणूक

इंदुरात प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधायला निघालेल्या आणि सध्या नकाशा ‘फायनल’ करत असलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. आमची फसवणूक सगळी कागदावर झाली. पायाचा खड्डाही खणायच्या आत लाखाच्या वर पैसे गेले. त्या नकाशाने घर उभं राहिलं असतं तर सासूबाईंना स्वतःच्याच खोलीत वॉकर वळवता आला नसता.

आमच्या गरजा अगदी साध्या होत्या. रामबागेतलं भाड्याचं घर सोडून बिजलपूरच्या बाजूला घेतलेल्या ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटवर राहायला जायचं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून त्यांची खोली खाली आणि लागूनच बाथरूम. मुलांच्या खोल्या वर. देवघर हवं, आणि हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या हव्यात, कारण सागवानी झोपाळा सासऱ्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलेला आहे.

ज्याने आमचा नकाशा काढला त्या माणसाचं नाव गणेशोत्सवात ओळखीच्यांकडून कळलं. मराठी बोलणारा, घरी येऊन चहा घेणारा, मला वहिनी आणि सासूबाईंना काकू म्हणणारा. इंदुरातल्या मराठी घरांत अजूनही एकमेकांच्या शब्दावर व्यवहार होतात. ही चांगली गोष्ट आहे, आणि त्याने नेमका तिचाच फायदा घेतला. कार्डावर ‘आर्किटेक्ट’, खाली ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होणारा आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक. ४० हजार ॲडव्हान्स ठरला. सुरुवातीचे बदल फुकट, पुढच्या प्रत्येक बदलाला अडीच हजार.

पहिला नकाशा बघून घरात सगळे खूश. खोल्या ऐसपैस, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी फिरायला जागा, हॉलमध्ये सोफाही आणि झोपाळाही. सोबत रंगीत थ्रीडी चित्रं. मग दुरुस्त्या सुरू झाल्या, आणि खरी लूट तिथेच होती. सासूबाईंचं बाथरूम मोठं करा म्हटलं. ते मोठं झालं, पण मागच्या अंगणात उघडणारं दार गायब. दार परत मागितलं की तो नवा बदल, अडीच हजार. दार आलं तर सासूबाईंच्या खोलीची खिडकी गुपचूप दुसऱ्या भिंतीवर सरकली, जिच्या पलीकडे शेजारच्यांचं बांधकाम येणार आहे. आपण कुठे हात लावला हे तो कधीच सांगायचा नाही. व्हॉट्सॲपवर नुसती पीडीएफ यायची, नाव ‘फायनल’, मग ‘फायनल न्यू’. तारीख नाही, क्रमांक नाही. ऑटोकॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा काढतात ती मूळ फाइल मागितली तर ‘वहिनी, ती ऑफिसबाहेर जात नाही’. म्हणजे दोन नकाशे शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून बघायचं आम्ही, आणि त्यानेच बिघडवलेलं त्याच्याचकडून पैसे मोजून नीट करून घ्यायचं.

हे उघडं पडलं प्लॉटवर भिंतींची आखणी केली त्या दिवशी. ‘मंजुरी येतेच आहे, तोवर आखणी उरकून घ्या’ असं त्यानेच सांगितलं होतं. ठेकेदाराच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने दोरी ताणून चुन्याची फक्की टाकली. सासूबाईंच्या खोलीच्या मध्यभागी उभा राहून त्याने चारी बाजूंना बघितलं आणि मला विचारलं, ‘भाभी, इसमें पलंग कहाँ डलेगा?’

घरी येऊन मी मुलीच्या कंपासमधली पट्टी नकाशावर लावली. त्या खोलीची ११ फुटांची भिंत कागदावर ६७ मिलिमीटर भरली, म्हणजे एका फुटाला साधारण ६ मिलिमीटर. मग पलंग मोजला. रुंदी २४, लांबी ३०. म्हणजे डबल बेड ४ फूट बाय ५ फूट! घरोघरी असतो तो ५ किंवा ६ फूट रुंद आणि सव्वासहा-साडेसहा फूट लांब असतो. सोफा, जेवणाचं टेबल, फ्रिज, सगळं भातुकलीतलं. सामान लहान काढलं की खोली आपोआप मोठी दिसते, आणि खोलीचा आकडा खरा वाटत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

तो आकडाही खरा नव्हता. बाजूची मोकळी जागा सोडून घराची बाहेरून बाहेर रुंदी २५ फूट होती. नकाशात खोली ११, शेजारी हॉल १४. बेरीज बरोबर २५. मग भिंती कुठे गेल्या? बाहेरच्या दोन ९ इंची, मधली साडेचार इंची, त्यावर प्लास्टर, असे मिळून दोन फूट होतात. ते दोन फूट आमच्याच खोल्यांतून जाणार होते.

जिन्याचं तर विचारूच नका. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच, आणि नकाशात पायऱ्या बारा. म्हणजे एकेक पायरी साडेदहा इंच उंच. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, साडेसात इंच सांगितली आहे. त्या हिशोबाने १७ पायऱ्या लागतात. जिना आखूड काढला होता म्हणूनच त्याच्या बगलेत बाथरूम बसलं होतं. आणि ‘मोठं केलेलं’ ते बाथरूम तरी केवढं? ४ बाय ५, म्हणजे २० चौरस फूट. संडास आणि न्हाणी एकत्र असेल तर संहिता किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट जागा मागते. ज्या बाईला स्टुलावर बसून, कुणाचा तरी हात धरून आंघोळ करावी लागते, तिच्यासाठी हे काढलं होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला आणि अजूनही येतो.

पुढचं एका नोंदणीकृत आर्किटेक्ट ताईंनी दाखवलं. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून दिलेल्या संचातल्या वायरिंगच्या शीटवर कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या प्लॉटचं माप, ३० बाय ६०, तसंच राहिलं होतं. पाया किती खोल न्यायचा याचा पायाच्या शीटवर सगळीकडे एकच सरसकट आकडा लिहिलेला, मातीची तपासणी नाही. माळव्यात हे भयंकर आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्याखाली पक्क्या थरापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम किती खाली लागतो ते खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. त्या शीटवर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शिक्का होता. आम्ही त्यांना फोन केला. त्यांनी ते ड्रॉइंग कधी पाहिलंच नव्हतं.

परवानगीसाठी म्हणून ६० हजार रोख घेतले होते, ‘निगममध्ये (म्हणजे महापालिकेत) आपलं सेटिंग आहे’ असं सांगून. मध्य प्रदेशात बांधकाम परवानगीचा अर्ज ऑनलाइन जातो. आम्हाला व्हॉट्सॲपवर नुसता एक क्रमांक मिळाला होता. निगमात चौकशी केली तर आमच्या प्लॉटचा अर्जच दाखल झालेला नव्हता.

कार्डावरचा नोंदणी क्रमांक दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच व्यक्तीचा निघाला. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर ही नोंदणी तपासता येते, ॲडव्हान्स देण्यापूर्वी तपासा. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. मात्र मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही मनाई त्या उपाधीपुरती आहे, नकाशे काढण्याच्या कामाला नाही. म्हणून ड्राफ्ट्समनकडून नकाशा करून घेण्यात गैर काही नाही. कितीतरी जण हे काम प्रामाणिकपणे करतात आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार दुसऱ्याचा क्रमांक छापून घराघरात शिरणाऱ्याबद्दल आहे.

तुमचा नकाशा आत्ता हातात असेल तर आधी पलंग मोजा, मग भिंती धरून बेरीज करा, मग पायऱ्या मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला शाळेतली पट्टी पुरते. खोलीचं माप प्लास्टर झाल्यावर आतून आत किती उरेल तेच लिहून मागा. प्रत्येक सुधारित नकाशावर क्रमांक, तारीख आणि ‘काय काय बदललं’ याची यादी हवी, आणि ऑटोकॅडची फाइल तुम्हाला मिळेल असं पैसे ठरवतानाच लिहून घ्या. परवानगीचं शुल्क आपल्या हाताने ऑनलाइन भरा, पावती आपल्या नावाची घ्या. पायाच्या ड्रॉइंगवर ज्यांचा शिक्का असेल त्यांच्याशी एकदा स्वतः बोला. खरं काम करणाऱ्याला यातल्या कशाचाही राग येत नाही. आमच्या ताईंना तर आला नाहीच, उलट त्यांनी आम्हाला घरातल्या एकूण एक वस्तूचं माप घेऊन यायला सांगितलं. वॉकरची रुंदी, कपाटाचं दार उघडल्यावर किती पुढे येतं, झोपाळा पुढेमागे किती जातो. नव्या नकाशात मोठा सोफा गेला आणि झोपाळा राहिला. सासूबाईंच्या बाथरूमचं दार तीन फुटी, बाहेर उघडणारं आहे.

पोलिसांत अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही. आमच्याकडे सगळ्या पीडीएफ आणि ४० हजारांची बँकेतली नोंद आहे. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही, पण ‘वहिनी, साठ मिळाले’ असा त्याचाच व्हॉइस मेसेज आहे. याच माणसाने तोच नकाशा डावा-उजवा उलटा करून आणखी काही मराठी घरांना विकला आहे, असं आता कानावर येतंय. तुमचं घर त्यांपैकी असेल तर त्याचे मेसेज पुसू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते. त्या आत तुमचाही अर्ज द्या.