वेटिंगच्या गर्दीसाठी कोणता गेम: पाँग टेबल, पॅक-मॅन बॅटल रॉयल की किलर क्वीन?

रविवारी रात्री टेबलासाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाऊ नये म्हणून गेम लावायचाय, की गेमसाठीच लोकांनी यावं म्हणून? पैसे मोजण्याआधी हे ठरवा. हे तिन्ही आर्केड गेम वेगवेगळ्या कामाचे आहेत.

पाँग टेबलात १९७२च्या पाँगचा (टेबल टेनिससारखा जुना व्हिडिओ गेम) चौकोनी चेंडू पडद्यावर नसतो, तो खरोखर सरकतो. पृष्ठभागाखालचं, मोटरवर चालणारं चुंबक त्याला ओढत नेतं. पहिल्यांदा बघणारा वाकून खाली डोकावतोच. समोरासमोर दोघं बसतात, नॉब फिरवला की फळी हलते, नियम समजावायला वेटर लागत नाही. जागा कॉफी टेबलाएवढी. अडचण एकच, पण मोठी: टेबल दिसलं की लोक त्यावर ग्लास ठेवणारच. दोन्ही बाजूंना छोटं स्टँड द्या. फरशी उतरती असेल तर स्पिरिट लेव्हल लावून पाय समतल करा. आतली सरकयंत्रणा बिघडली तर गल्लीतला टीव्ही मेकॅनिक उपयोगी नाही. सुटे भाग मशीनसोबतच मागवा.

पॅक-मॅन बॅटल रॉयल (२०११) चौघांचा. चक्रव्यूहात फिरताना पॉवर पेलेट (ताकद देणारी गोळी) खाल्लेला पॅक-मॅन मोठा होतो आणि बाकीच्यांना गिळतो. शेवटी उरेल तो फेरी जिंकतो. चार जणांच्या कुटुंबाला हाच बरा. बटणं नाहीत, नुसती जॉयस्टिक, त्यामुळे सात वर्षांचं पोरही आजोबांना हरवतं. बिघाड बहुतेक जॉयस्टिकचाच: सरबत किंवा तेलकट बोटांमुळे आतला मायक्रोस्विच चिकटतो आणि एक दिशा बंद पडते. चार-सहा स्विच जवळ ठेवा, बदलायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. चक्रव्यूहाच्या गेमला ४ दिशांची जॉयस्टिक लागते. बदलताना ८ दिशांची बसवलीत तर वळणावर तिरका झटका लागून चाल चुकते, आणि गिऱ्हाईक मशीनला शिव्या घालतं.

किलर क्वीन (२०१३) ही वेगळीच जात. शेजारी-शेजारी दोन कॅबिनेट (उभी मशीन), मधमाश्यांच्या दोन टोळ्या, पाच विरुद्ध पाच, प्रत्येकीत एक राणी. जिंकायचे तीन मार्ग: समोरची राणी तीनदा मारा, पोळं बेरींनी भरा, नाहीतर गोगलगायीवर बसून तिला आपल्या बाजूच्या गोलपर्यंत न्या. आरडाओरडा, बघ्यांची गर्दी, मग तीच मंडळी दर आठवड्याला हजर. पण दहा जणांना उभं राहायला जागा हवी, आणि दुपारी तीन-चारच डोकी असतील तर खेळ मरगळतो. थाळीच्या हॉटेलात हा नको. मोठ्या ब्रुअरीत, कॉलेजच्या टोळक्यांसाठी घ्या.

जागा बेताची असेल तर आमचं मत बॅटल रॉयलला, शोभेसाठी पाँग टेबल.

कोणतंही घ्या, किचनच्या दारापासून लांब ठेवा; तेलकट वाफ पंख्यातून आत शिरते आणि धूळ धरते. अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टच लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर (आपल्याकडचं व्होल्टेज कमी करणारा) लागेल, तोही मशीनच्या वॅटेजच्या दीडपट क्षमतेचा.