धरमपेठेतले माकोंडे मुखवटे: माल चांगला, गप्पा सोडून द्या

भिंतीवर लावायला जरा हटके काही हवं असेल तर नागपूरच्या धरमपेठेतल्या एका होम डेकोरवाल्याकडे चक्कर मारा (नाव टाकत नाही, पुढे तक्रार आहे). आफ्रिकन माल मागच्या खोलीत आहे, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.

मी घेतलेला मुखवटा काळा, चांगला जड, गालांवर बारीक रेघा कोरलेल्या अन वरचा ओठ पुढे आलेला, त्यात चकती बसवलेली. चकती म्हणजे कारागिराची हौस नाही बरं का, माकोंडे या आफ्रिकन जमातीतल्या बायका पूर्वी खरंच वरच्या ओठात लाकडी चकती घालायच्या, अन गालावरच्या रेघा त्यांच्या गोंदणाच्या. दोन्ही गालांच्या रेघा नीट बघितल्या तर सारख्या नाहीत, हातचं काम आहे, मला तेच आवडलं.

आता तक्रार. दुकानवाला भाऊ म्हणे सर शंभर वर्षं जुना आहे, नाचातला. म्हटलं नाचातला आहे तर यात डोकं घालून दाखवा ना! माकोंडे लोक टांझानियाच्या दक्षिणेला अन मोझांबिकच्या उत्तरेला राहतात, तिकडे पोरांना मोठ्यांत घ्यायचे दीक्षाविधी झाले की मापिको नाच होतो, त्यातला मुखवटा हेल्मेटसारखा अख्ख्या डोक्यावर चढवतात म्हणून तो हलक्या लाकडाचा अन आतून पोकळ असतो, कित्येकांना माणसाचे खरे केस लावलेले असतात, अन आत कोण आहे ते कळू नये म्हणून नाचणाऱ्याचं अंगही कपड्याने झाकलेलं. आमचा हा मागून सपाट, वर हुक ठोकलेला. भिंतीसाठी बनवला, त्यात वाईट काय, पण मग जुन्याची किंमत काहून लावता? खऱ्या जुन्या पीसची गोष्टच वेगळी, १९८४ मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलामच्या म्युझियममधून चोरीला गेलेला मुखवटा जिनिव्हाच्या म्युझियमने परत करायला २०१० उजाडलं! माझ्या मुखवट्याचे साडेसहा हजार सांगितले होते, चारला दिला.

लाकूड मात्र एम्पिंगोच वाटतं, आपल्या शिसवाच्या जातीतलं, गाभा काळा अन सालीकडचा भाग पिवळट. माझ्या पीसला हनुवटीखाली तो पिवळा पट्टा राहिलाय. बाजूचा एक ओल्या रुमालाने पुसला तर रुमाल काळा, म्हणजे साधं लाकूड रंगवलेलं, अन भाव तोच सांगत होता! रुमाल घेऊनच जा.

अन घरी कूलरच्या झोतात लावू नका, एकदा ओलं एकदा कोरडं झालं की लाकूड तडकतं, त्यात आपला मे महिना. बिल मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत. पाचपैकी साडेतीन.