पृथ्वी थिएटर, जुहू: काळोखातलं नाटक हाताच्या अंतरावरून

मी बावीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, त्यातली सहा जळीत वॉर्डात काढली. म्हणून माझी नणंद दर वेळी विचारते, "अहो वहिनी, रोज तेच बघता, मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून पुन्हा मरणाचीच नाटकं कशाला?" वॉर्डात बघायला वेळ नसतो, हे तिला कसं समजावू?

गेल्या महिन्यात पृथ्वीला एका तरुण संस्थेचं नवं मराठी नाटक पाहिलं. तिसराच प्रयोग होता, अजून फेरफार चालू आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. घरामागच्या विहिरीत थोरली सून गेली आहे. त्या दिवसापासून घर टँकरचं पाणी पितं आणि 'विहीर' हा शब्द कुणी उच्चारत नाही. तीनच पात्रं, मध्यंतर नाही. सुरुवातीला मिट्ट अंधार आणि त्यात कप्पीची कुरकुर. दिवे आले तेव्हा रंगमंचाच्या मधोमध काथ्याचा दोर पडलेला होता, खरोखरचा ओला. दुसऱ्या रांगेत मला त्याचा वास येत होता.

हे पृथ्वीतच होऊ शकतं. जेमतेम दोनशे खुर्च्या, रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक, मध्ये ना पडदा ना कठडा. नट घोट गिळतो तोही दिसतो. समोरच्या बाजूचे प्रेक्षकही दिसतात. एक आजोबा शेवटपर्यंत रुमाल तोंडाशी धरून बसले होते. असंच एक गंभीर नाटक मी उपनगरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात पाहिलं होतं. पहिला अंक संपतो न संपतो तोच वड्याचा वास, दुसऱ्या अंकात दोनदा मोबाइल वाजला, आणि साठवत आणलेली भीती तिथेच सांडली. पृथ्वीत उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. काहींना हा नियम जाचक वाटतो, मला तो फार मोलाचा वाटतो.

सासू धाकट्या सुनेला थोरलीच्या हिरव्या बांगड्या भरते तो प्रवेश मी विसरणार नाही. बांगडी चढेना, तशी ती शांतपणे उठते, साबणाची वडी आणते, सुनेच्या मुठीला फेस लावते आणि एकेक बांगडी सरकवते. सून रडत नाही, नुसती मोजते. आम्ही वॉर्डात उलटं करतो. हात सुजायच्या आत साबणपाण्याने बांगड्या उतरवायच्या, गॉजमध्ये गुंडाळायच्या, रजिस्टरला नोंद करून नातेवाइकांच्या हाती द्यायच्या. कितीजणींच्या उतरवल्या असतील. पुढे त्या बांगड्यांचं काय होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

शेवट मात्र फसला आहे. मुलाला एक लांबलचक स्वगत दिलंय आणि त्यात तो सगळा उलगडा करून टाकतो. गरज नव्हती. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' केलं, तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि तो लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना दिली. आमचे अण्णा सांगायचे, "मला तो डाग लालच आठवतो गं." प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकता येतो. लेखकाने निदान अर्धं स्वगत कापावं, ही कळकळीची विनंती.

प्रयोगानंतर लगेच उठवेना. बाहेरच्या कॅफेत चहा घेऊन बसले. पृथ्वीचं हे अंगण मला थिएटरइतकंच महत्त्वाचं वाटतं. अशा नाटकातून थेट रिक्षाच्या हॉर्नमध्ये गेलं की काहीतरी तुटतं. थोड्या वेळाने सासूचं काम करणारी मुलगी मेकअप पुसून बाहेर आली. जेमतेम तिशीची. मी तिला बांगड्यांचं सांगितलं. ती खाली बसली आणि विचारलं, "ताई, उतरवताना तुम्ही त्यांच्याशी बोलता का?" मी म्हटलं, बोलते, नाव घेऊन बोलते. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

शशी आणि जेनिफर कपूर यांनी 5 नोव्हेंबर 1978ला हे थिएटर सुरू केलं, तेही गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगाने. मराठी नाटककाराचं नाटक इथे पहिल्या दिवसापासून आहे. तरी आमच्या डोंबिवलीत अनेकांना वाटतं, जुहू आपलं नाही. जा. दादरला गाडी बदला, पार्ल्याला उतरून रिक्षा करा. खुर्च्यांना नंबर नसतात, तेव्हा लवकर पोचून रांगेत उभे राहा आणि दुसरी रांग धरा. घरी यायला मला साडेबारा झाले.

पुढचा प्रयोग लागला की नणंदेला घेऊन जाणार आहे. कप्पीचं तिला अजून सांगितलेलं नाही.