मुलाला पहिलं विमान घ्यायचंय: बाल्साचं की फोमचं?

शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, "भावजी, चिन्याला वाढदिवसाला उडणारं विमान हवंय. कोणतं घेऊ?" चिन्या तेरा वर्षांचा, राहणार ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. म्हणजे डोक्यावरून हवाई दलाचं मिराज लढाऊ विमान गेलं की हातातला घास टाकून गच्चीवर पळणारा. ग्वाल्हेरला मिराज १९८५ मध्ये आली, तेव्हा आम्हीही असेच पळायचो.

मला बाल्सा (विमानाच्या मॉडेलांचं अगदी हलकं लाकूड) प्रिय आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं तेवढं जपून वाचा.

बाल्साचं किट म्हणजे पंखांच्या फासळ्या कापायच्या, जोडायच्या, वर टिश्यू कागद चढवून डोप नावाचं वॉर्निश मारायचं. डोप वाळताना कागद ढोलकीसारखा ताणला जातो. यात पंधरा-वीस संध्याकाळी सहज जातात. फोमचं विमान खोक्यातून काढून पंख बसवले, बॅटरी चार्ज केली की रविवारी मैदानावर.

पूर्वी इथल्या महाराज बाड्याजवळच्या एका गल्लीत दुकान होतं. पुढे वह्या, कॅरमच्या सोंगट्या, बॅडमिंटनची फुलं. मागे काचेच्या कपाटात बाल्साची शीटं. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) जाड, तीन इंच रुंद, तीन फूट लांब. दुकानातले काका शीट थेट हातात देत नसत. आधी सराफ्यातून आणलेल्या जुन्या तराजूत टाकत. दिसायला दोन्ही सारखी, पण एक १३ ग्रॅम, दुसरं २२. "हलकं पंखाला, जड मधल्या दांडीला," एवढं बोलून ते पुन्हा पेपरात डोकं घालत. माझं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) दर वेळी नाक वर करून थबकायचं आणि आपटायचं. ते घेऊन गेलो. काकांनी पंखाखाली पुढून तिसऱ्या हिश्श्यावर दोन बोटं धरून ते तोललं. शेपूट खाली गेली. "नाकात चार आणे घाल." घातले, उडालं. (चार आणे अर्थात माझेच.)

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. बाल्सा ऑनलाइन येतं, चांगलंही असतं, पण वजन करून कोणी देत नाही आणि पडलेलं विमान घेऊन जायला काउंटर नाही. एकट्या मुलाला किट दिलं, तर पहिला पंख वाकडा होतो, दुसरा होतच नाही, आणि खोकं माळ्यावर जातं. पावसाळ्यात कागद सैल पडतो, ते वेगळंच.

फोमचं तसं नाही, ते काकांशिवायही चालतं. चांगल्या फोमचं नाक आपटून मोडलं तर जागेवरच चिकटवून पुन्हा उडवता येतं. फक्त साधं थर्मोकोल असेल तर फेविक्विक लावू नका, ते थर्मोकोल खातं. आजकाल बऱ्याच विमानांत तोल सावरणारा जायरो असतो. गोंधळ झाला तर रिमोटच्या काड्या सोडा, विमान स्वतः सरळ होतं. रेडिओ, म्हणजे हा रिमोट, २.४ गिगाहर्ट्‌झचे. आमच्या वेळी क्रिस्टलवाले होते, त्यांचा चॅनल ठरलेला. एकाच चॅनलवर दोघांनी चालू केले की विमान शेतात.

खर्च मात्र दिसतो त्याहून जास्त. ग्लायडर किट शेकड्यांत येतं. रेडिओसकट फोमचं विमान हजारांत, वर जादा पंखे (प्रोपेलर), चार्जर आणि बॅटऱ्या. या विमानांची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हे तर लाडावलेलं मूल. पूर्ण भरली की सेलमागे ४.२ व्होल्ट, ठेवताना ३.८ च्या आसपास, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. बिघडली तर पेट घेते. माझी एक भरलेली बॅटरी मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिली. ४५ अंशांत ती पुरीसारखी फुगली. नशीब, तेवढ्यावरच भागलं.

आणि जागा. इथे मैदान आहे म्हणून उडवलं, असं चालत नाही. महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंतच. विमान घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान बघा. हाताने फेकायच्या ग्लायडरला ही कटकट नाही.

शाळेत एनसीसीची एअर विंग असेल तर आधी तिथे विचारा. एरोमॉडेलिंग त्यांच्या शिक्षणातच आहे. तारांना बांधलेलं, गोल फिरणारं विमान तिथे हाताळायला मिळू शकतं. मधे उभं राहून स्वतःभोवती फिरायचं. पहिल्या दिवशी विमानाआधी मुलगाच पडतो.

वहिनींना म्हटलं, घरात संध्याकाळी त्याच्याबरोबर बसणारं कोणी असेल तर डोळे मिटून बाल्सा घ्या. भाऊ दुकानातून नऊला येतात, म्हणजे नाही. तेव्हा फोम घ्या. पंख वरच्या बाजूला असलेलं, मोटर मागे असलेलं, म्हणजे आपटलं तरी पंखा वाचतो. सोबत एक स्वस्त बाल्साचं ग्लायडरही घ्या. रविवारी सकाळी सहा ते आठ मी मोकळा असतो. नंतर वारा सुटतो.