बाबांची बीटल, रोजची हॅचबॅक आणि नव्या विम्यांचे दहा महिने

दोन्ही पॉलिसी घेऊन दहा महिने झाले. आणखी दोन महिन्यांनी नूतनीकरणाचा आकडा येईल आणि तो बघून माझं डोकं ठिकाणावर राहील याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

घरात दोन गाड्या. एक रोजची, चार वर्षांची हॅचबॅक, घर-ऑफिस-घर करणारी. दुसरी बाबांची १९६९ची फोक्सवॅगन बीटल. ती महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडते, एरवी गॅरेजमध्ये कव्हर पांघरून उभी असते. बाबा गेल्यावर ती माझ्या नावावर झाली आणि तिच्या विम्याचं लचांडही माझ्याकडे आलं.

आधी दोन्ही गाड्या एकाच कंपनीकडे, नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत होत्या. क्लेम एकही नाही. तरी तीन वर्षांपूर्वीचा हप्ता १०० धरला, तर रोजच्या गाडीचा १४१ वर गेला आणि बीटलचा १२९ वर. फोन करून विचारलं, "मी साधा ओरखडाही पाडला नाही, मग वाढ कसली?" पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचेच वाढलेत." तेव्हा ही सरळ टोलवाटोलवी वाटली. नंतर खोदून बघितलं, तर तो बिचारा खरंच बोलत होता.

अमेरिकेत मार्च २०२४ पर्यंतच्या बारा महिन्यांत वाहन विम्याचा खर्च २२ टक्क्यांनी चढला. ब्रिटनमध्ये २०२३ चा सरासरी हप्ता आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होता. हप्ता नेहमी मागून धावत येतो. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या, वापरलेल्या गाड्यांचे भाव भडकले, त्यामुळे पूर्ण निकामी झालेल्या गाडीपोटी कंपन्यांना जास्त पैसे मोजावे लागले. ही भरपाई कंपनीच्या हिशोबात उतरायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि मग तो आकडा आपल्या पत्रात येतो. त्यात पूर, गारपीट, अपघातातल्या जखमींच्या उपचारांचा खर्च, आणि विमा कंपन्या स्वतःचा जो विमा उतरवतात त्याचे वाढलेले दर. मी गाडी किती जपून चालवते याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. माझा क्लेम नाही याचा अर्थ फक्त एवढाच, की वाढ जरा कमी बसली.

पण एक गोष्ट मात्र मला त्या मुलानं सांगितली नव्हती. मी माझ्याच कंपनीच्या साइटवर नवीन ग्राहक म्हणून त्याच गाडीचं कोटेशन काढलं, तर १४१ च्या जागी १२४ आलं. म्हणजे १७ ही इतकी वर्षं इमानदारीनं टिकून राहिल्याची शिक्षा. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी आहे. तिथेही हप्ते वाढायचे ते वाढलेच, पण निदान दोघांचे सारखे वाढले. हे कोटेशन काढायला मला वीस मिनिटं लागली. आधीच्या वर्षांत का नाही काढलं, ते विचारू नका.

रोजची गाडी: किलोमीटरवर हप्ता आणि फोनमधला पहारेकरी

रोजच्या गाडीसाठी घेतली ती 'चालवाल तेवढं भरा' प्रकारची पॉलिसी. गाडी चोरीला जाणं, आग, झाड पडणं हे उभ्या गाडीलाही होऊ शकतं, म्हणून एक ठरावीक रक्कम; आणि त्यावर दर किलोमीटरमागे पैसे. सोबत एक ॲप. काचेला चिकटवायचा काडेपेटीएवढा टॅग येतो, तो फोनशी बोलतो आणि ॲप गुण देतं. ब्रेक, वेग पकडणं, वळणं, चालवताना फोनला हात लावणं, आणि दिवसाची वेळ. गुण चांगले तर किलोमीटरचा दर उतरतो.

पहिला महिना मी शाळेतल्या हुशार मुलीसारखी वागले. ९१ गुण. दुसऱ्या महिन्यात ७४. कारण शोधताना कळलं, की टॅगला फक्त गाडी चाललीये हे कळतं, चालवतंय कोण हे कळत नाही. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी बसून माझ्याच फोनवर रस्ता बघत होते, आणि ॲपच्या लेखी मी चालवताना फोनशी खेळत होते. अशी प्रत्येक फेरी नंतर उघडून 'मी प्रवासी होते' अशी खूण करावी लागते. ती खूण तीन दिवसांच्या आत केली नाही, तर गुण गेले ते गेले. तिसऱ्या महिन्यापासून रोज रात्री झोपण्याआधी फेऱ्या तपासणं हे माझं काम झालं. नवरा म्हणाला, "तुला या कामाचा पगार मिळायला हवा."

रात्रीच्या वेळेचं तर मला मनापासून खटकलं. आईला रात्री एक वाजता हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. रस्ते मोकळे, मी चाळीसच्या वर गेले नाही. तरी 'उशिराचा प्रवास' म्हणून गुण कापले. मध्यरात्रीनंतर अपघाताचा धोका जास्त असतो, हे मला मान्य. पण त्या रात्री मी हौसेनं फिरायला निघाले नव्हते, आणि हे सांगायला ॲपमध्ये कुठे जागाच नाही.

आणि ब्रेक. सिग्नल पिवळा झाला, की शहाणा माणूस थांबतो. जोरात थांबलं की गुण जातात. चौथ्या महिन्यात एकदा माझा पाय ब्रेकवर जाता जाता अडखळला. 'दाबला तर गुण जातील' असं डोक्यात चमकून गेलं आणि मी पिवळ्यावरून तशीच पुढे गेले. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून ॲपच्या गुणांकडे बघणं मी बंद केलं. ज्या यंत्रानं मला सावध करायचं, तेच मला सिग्नल मारायला शिकवत असेल, तर त्या सवलतीचं मी काय करू?

न्याय म्हणून हेही सांगते, की या यंत्रामागचा विचार वाईट नाही. पूर्वी वय, लिंग, व्यवसाय, पत्ता यांवरून माणसाला एका खणात टाकायचे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं २०११ मध्ये निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तिथे स्त्री-पुरुष म्हणून वेगळा हप्ता लावणं बंद झालं. माणूस कोण आहे यापेक्षा तो चालवतो कसा, हे मोजणं जास्त बरोबर, हे मीही म्हणेन. फक्त मोजणाऱ्याला फेरी कुणाची आणि ब्रेक कशासाठी, एवढं तरी कळायला हवं. शिवाय मी कुठे कुठे जाते याची सगळी नोंद कुणाकडे तरी पडून राहते, ते निराळंच.

पैशांचं म्हणाल, तर वर्षाच्या हिशोबानं १४१ च्या जागी ११९ पडतायत. त्यातले बहुतेक किलोमीटर कमी म्हणून वाचले. ॲपच्या गुणांनी जेमतेम चार वाचवले. मधे ऑफिसनं आठवड्यातून चार दिवस यायला लावलं, नाहीतर अजून कमी झाले असते.

काचेचा क्लेम

सातव्या महिन्यात ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि पुढच्या काचेला चीर गेली. मला वाटलं काच बदलायची, अर्ध्या दिवसाचं काम. गॅरेजवाल्यानं आरशामागे बोट दाखवलं. तिथे कॅमेरा आहे. लेन सुटली की ओरडणारा आणि पुढची गाडी जवळ आली की आपणहून ब्रेक मारणारा तोच. काच बदलली, की त्याची नजर पुन्हा जुळवावी लागते. सपाट जमिनीवर, ठरलेल्या अंतरावर खुणांचा बोर्ड उभा करून यंत्र लावतात, काही गाड्यांना वर रस्त्यावरही चालवून आणावं लागतं. हे केलं नाही तर कॅमेरा थोडासा तिरका बघत राहतो, आणि दूरवर तो थोडासा म्हणजे बाजूची अख्खी लेन.

या जुळवणीचं बिल काचेच्या बिलाच्या जवळपास गेलं. कंपनीनं आधी काच मंजूर केली आणि जुळवणी 'देखभालीत' टाकून नाकारली. गॅरेजकडून 'याशिवाय गाडी सुरक्षित नाही' असं लेखी घेतलं, गाडी उत्पादकाच्या सर्व्हिसच्या सूचना जोडल्या, अकरा दिवसांनी मंजूर झालं. नो क्लेम बोनस शाबूत राहिला, कारण काचेसाठी वेगळं कलम घेतलं होतं. ते घेतलं नसतं तर स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसणं परवडलं असतं. पॉलिसी घेताना एवढी एक ओळ तरी बघाच.

हप्ते का वाढले ते मला आकडेवारीपेक्षा या काचेनं जास्त नीट समजावलं. पूर्वी बंपर म्हणजे धक्का खायचा भाग होता. आता त्यात सेन्सर, रडार, वायरिंग. हलक्या धक्क्याला पूर्वी ठोकून-रंगवून भागायचं, आता भाग मागवा, जुळवा, तपासा. मजा म्हणजे हीच यंत्रणा अपघात टाळतेसुद्धा. अपघात कमी, पण झालाच तर महाग.

बीटलची काच बाबांच्या वेळी मिस्त्रींनी बसवलेली मी बघितली आहे. रबराच्या खाचेत दोरी गुंडाळायची, एकानं बाहेरून काच दाबून धरायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढत न्यायची, की रबराची कड पत्र्यावर चढत जाते. झालं.

बीटल: ठरलेली किंमत

बीटलच्या जुन्या पॉलिसीत एक गोम होती, ती बाबांनाही माहीत नसावी. गाडी गेलीच, तर मिळणार होता घसारा वजा जाता 'बाजारभाव'. पन्नास वर्षांच्या गाडीवर घसारा लावला, तर उरतं ते भंगार. आता घेतली ती क्लासिक गाड्यांची पॉलिसी. यात किंमत सुरुवातीलाच दोघांनी मिळून ठरवायची. पूर्ण नुकसान झालं, तर तेवढीच मिळते, नंतर घासाघीस नाही.

त्यासाठी मूल्यांकन करणारा माणूस आला, दीड तास गाडीखाली आणि गाडीत होता. फोटो चोवीस. मागची सीट उचलून चासी नंबरचा फोटो, कारण तो तिथे कोरलेला असतो. शेजारीच बॅटरी असते. त्यावर झाकण नव्हतं, तर म्हणाला, "आधी झाकण बसवा. सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकल्या, की सीट पेटते." मग इंजिनाकडे जाऊन पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून बघितल्या. एक भेगाळली होती. बीटलच्या इंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. एकदा पेटली की विझवणं सोपं नाही. नळ्या बदला, आग विझवायचं नळकांडं ठेवा, मग पॉलिसी. हप्त्याचं सोडा, या दीड तासानंच माझे पैसे वसूल झाले.

हप्ता १२९ वरून ६२ वर आला. फुकट नाही. वर्षाला ४,००० किलोमीटरची मर्यादा, ऑफिसला न्यायची नाही, रात्री कुलपाच्या आत, घरात रोजची दुसरी गाडी हवीच, आणि पंचविशीच्या आतल्यानं चालवायची नाही. शेवटच्या अटीवर मुलगा आठवडाभर रुसला होता. तो वीस वर्षांचा आहे. आजोबांनी त्याला याच गाडीवर क्लच शिकवला होता.

क्लासिकचेही दर वाढतायत, पण कारण वेगळं. गाड्यांच्या किमती चढल्या, आणि कार्बोरेटरला हात लावणारी माणसं कमी होत चालली. त्यातल्या त्यात बीटल सुखी. शेवटची जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून निघाली, तोवर २ कोटी १५ लाखांहून जास्त झाल्या होत्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात, म्हणून विमेवाले तिला फार घाबरत नाहीत.

आता गंमत. वर्षातून दोनदा मीटरचा फोटो पाठवायचा असतो. पाचव्या महिन्यात पाठवायला गेले, तर आकडा आधीच्या फोटोपेक्षा फक्त १४ नं पुढे. मी तर सहाशे तरी चालवली होती! वेगाचा काटाही मेल्यासारखा पडलेला. (काटा पडल्याचं मला कळलं कसं नाही? बीटलमध्ये वेग कानांनी कळतो.) बीटलमध्ये मीटरची केबल पुढच्या एका चाकाच्या टोपीतून थेट फिरते. ती तुटली की वेगही बंद, किलोमीटरही बंद.

गप्प बसले असते, तर किलोमीटर फुकट होते. नवरा तेच म्हणाला. पण उद्या क्लेम आला आणि सर्व्हेयरनं टोपीतली तुटकी केबल बघितली, तर मीटर मुद्दाम बंद ठेवलं असं तो म्हणणारच. मी फोटोसकट लिहून कळवलं आणि मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "ताई, साहेबांच्या वेळी तर ही तीनदा तुटली." म्हणजे बाबांच्या मीटरवरचे किलोमीटर कितपत खरे, कोण जाणे. आणि मीटर पाचच आकडी असल्यानं गाडीनं लाखाचा फेरा एकदा मारला की दोनदा, हेही कुणाला सांगता येत नाही. कंपनीनं नव्या केबलचं बिल आणि माझा सहाशेचा अंदाज लिहून घेतला, एक शब्द जास्तीचा विचारला नाही. या कंपनीबद्दल माझं मत तिथे पक्कं झालं.

तर बीटलची पॉलिसी चालू ठेवणार आहे. ठरलेली किंमत मात्र वाढवून घेणार, कारण ती आपोआप वाढत नाही. रोजच्या गाडीचा किलोमीटरचा हिशोब ठेवणार, गुणांचं ॲप काढून टाकणार. त्या चार टक्क्यांसाठी रोज रात्री हजेरी घेणं माझ्याच्यानं होत नाही. आणि कोटेशन दरवर्षी नव्या ग्राहकाच्या नावानं काढणार, कंपनी कितीही गोड बोलो.

बीटलचे नवे फोटो मागितलेत, बारा. मागच्या सीटखालचाही हवाय. एकटीला ती सीट उचलत नाही, म्हणून मुलाला शनिवारी थांबायला सांगितलंय. चालवायची नाही म्हटल्यावर तो येईलसं वाटत नव्हतं, पण हो म्हणाला.